चार दिवसांची लंका

परदेशच्या प्रवासाची गोष्ट आपल्या मध्यमवर्गीय घरांतून निघाली म्हणजे दोन पक्ष हटकून उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, जाऊच नये. दुसरा म्हणतो, जावे आणि तेथे जे जे असेल ते ते सर्व पाहून यावे. वरवर पाहता या दोन पक्षांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु आमच्या मते दोघेही एकच चूक करीत असतात, आणि ती चूक स्पष्टपणे बोलून दाखवावी एवढ्यासाठीच हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. निमित्त मात्र अगदी घरगुती आहे.

आम्ही राहतो चारठाण्यास. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातले हे गाव जुन्या देवळांमुळे थोडेबहुत नावारूपास आलेले आहे. समुद्र येथून सरळ रेषेत पश्चिमेस सुमारे 400 किलोमीटर. समुद्र पाहिलेली माणसे गावात नाहीत असे नव्हे. मुंबईस नोकरीसाठी अथवा दवाखान्यासाठी गेलेली आणि परतताना चौपाटीवर पावले भिजवून आलेली अशी पुष्कळ आहेत. परंतु समुद्राच्या पाण्यात छातीपर्यंत उतरलेला मनुष्य शोधू म्हटले तर दिवस मोडेल. अशा गावात, यंदा महालक्ष्म्यांना सारे कुटुंब जमले असता, आमच्या पुतणीने एक प्रस्ताव मांडला. ती परभणीस महाविद्यालयात शिकते आणि लहान मुलांच्या शिकवण्या करून चार पैसे बाळगून असते. लंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर वेलिगामा म्हणून एक गाव आहे. तेथे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा खेळ शिकवितात. येत्या जानेवारीत तिला तेथे जावयाचे आहे. सोबत तिचा वडील भाऊ, वहिनी आणि आम्ही असावे. चार रात्रींहून अधिक मुक्काम नको आणि माणशी चाळीस हजारांहून अधिक खर्च नको. असा तो प्रस्ताव होता.

आमचे थोरले बंधू क्षणभर स्तब्ध राहिले आणि म्हणाले, “लाटांवर उभे राहायला लंकेला कशाला जायचे गं? येलदरीच्या धरणावर उभी राहा. घरची गाडी आहे, संध्याकाळी परत येशील.” सर्व हसले. हसण्यावारी गेलेली गोष्ट पुन्हा काढण्यास आपल्या घरांतील मुलींना फार धैर्य लागते. तिने ती दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली, आणि तेव्हापासून जो वाद सुरू झाला तो अद्याप आमच्या ओसरीवर चालू आहे.

प्रथम न जाण्याच्या पक्षाचा विचार करू. या पक्षाचे पहिले आणि लाडके म्हणणे असे की, आधी आपले घर पाहावे, मग जग. गोकुळेश्वराचे देऊळ, तो उंच कोरीव स्तंभ, ती पायऱ्यापायऱ्यांची बारव हे सारे दाराशी असता लंकेत काय ठेवले आहे? युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. मात्र तो करणाऱ्यांनी स्वतः हे सारे कितीदा पाहिले आहे, असा प्रश्न विचारला म्हणजे सभा शांत होते. दुसऱ्यांचे कशाला, आम्ही आमचेच सांगतो. त्या स्तंभावरून जन्मभर आमचे जाणे-येणे आहे, परंतु मान वर करून त्यावरचे काम आम्ही नीट पाहिले ते परगावच्या एका पाहुण्याने बोट करून दाखविल्यावर. तो गृहस्थ दूरवरून आला होता. म्हणूनच त्याला ते दिसले. आम्हाला ते रोजचे होते. म्हणून दिसत नव्हते. ‘हेमाडपंती’ हा शब्दही आम्ही असाच डोळे मिटून वापरीत आलो. तेराव्या शतकातल्या हेमाद्रीच्या नावावर महाराष्ट्रातली त्याच्या आधीचीही देवळे आपण बिनदिक्कत चढविली आहेत, हे आम्हांस त्या पाहुण्यापासूनच कळले. तेव्हा ‘आधी घर पाहा’ म्हणणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, बाहेर जाऊन आलेल्या डोळ्यांनाच घर दिसण्याचा संभव अधिक असतो. आणि ज्यांना घरही पाहावयाचे नाही आणि बाहेरही जावयाचे नाही, त्यांनी घराचे नाव पुढे करू नये.

दुसरे म्हणणे पैशाचे. दुष्काळी मुलखातल्या माणसांनी समुद्रावर खेळावयास पैसे घालविणे हा माज आहे, असे आमच्या एका शेजाऱ्यांचे मत पडले. या गृहस्थांनी गेल्याच वैशाखात मुलाच्या लग्नात मांडव, वाजंत्री आणि मानपान यांवर केलेला खर्च साऱ्या गावाला ठाऊक आहे. म्हणून या आक्षेपास अधिक जागा देत नाही.

तिसरे म्हणणे अधिक कुजके आहे, आणि ते उघडपणे कोणी बोलत नाही; स्वयंपाकघरात बोलले जाते. मुलीच्या जातीने परक्या मुलखात, परक्या माणसांसमोर, ओल्या कपड्यांनी समुद्रात खेळावयाचे हे कसे शोभेल? आमच्या आत्यांनी हा प्रश्न तीन दिवस निरनिराळ्या शब्दांत विचारला. येथे वस्तुस्थिती सांगणे हेच उत्तर पुरेसे आहे. हा खेळ खेळणारे स्त्री-पुरुष अंगाला घट्ट बसणारा लांब बाह्यांचा सदरा घालतात, कारण खडबडीत फळीवर पालथे पडून हात मारताना पोट आणि छाती सोलवटते आणि विषुववृत्ताजवळच्या उन्हात पाठ भाजून निघते. पाय झाकणारी विजारही मिळते. म्हणजे जी मर्यादा आत्यांना हवी ती उन्हाने आणि फळीने आधीच घालून ठेवली आहे. हे ऐकून आत्या गप्प झाल्या, तथापि पटले असे काही म्हणाल्या नाहीत.

या आक्षेपामागचा इतिहास मात्र विसरता कामा नये. समुद्रगमन हे कलिवर्ज्यात घालून आपल्या धर्मशास्त्रकारांनी पिढ्यान्पिढ्या माणसांना किनाऱ्यावर अडवून धरले. 1883 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस वैद्यक शिकावयास निघाल्या तेव्हा त्यांना किती तोंडांना उत्तर द्यावे लागले हे महाराष्ट्र विसरलेला नाही. सावरकरांनी आपल्या समाजाच्या पायांतल्या ज्या सात बेड्या मोजल्या त्यांत सिंधुबंदी ही एक होती. ती बेडी कायद्याने आणि शास्त्राने गेली असे आपण समजतो; परंतु आपल्या घरातल्या मुलीने समुद्राचे नाव काढताच जे कपाळाला आठ्या घालतात, त्यांच्या पायांत ती अजून आहे, फक्त तिचा आवाज होत नाही एवढेच.

या बाबतीत आपणच मागासलेले आहोत असेही मानण्याचे कारण नाही. हा खेळ मूळचा पॉलिनेशियातल्या बेटांचा. हवाई बेटांवर तो राजापासून कोळ्यापर्यंत सारे खेळत, स्त्रियाही खेळत. एकोणिसाव्या शतकात तेथे गेलेल्या मिशनऱ्यांना तो आळशीपणाचा आणि निर्लज्जपणाचा वाटला, आणि त्याच शतकात रोगराईने तेथील लोकसंख्याही झपाट्याने घटली. त्यामुळे तो जवळजवळ बुडाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला पुन्हा ऊर्जितावस्था आली. ऑलिंपिकात पोहण्याचे सुवर्णपदक मिळविलेल्या ड्यूक कहानामोकूने 1914 साली सिडनीजवळच्या किनाऱ्यावर तो करून दाखविला तेव्हा लोक पाहत राहिले. 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकात तो प्रथमच सामील झाला. त्या मिशनऱ्यांचे शब्द आणि आमच्या शेजाऱ्यांचे शब्द शेजारी शेजारी ठेविले, तर कोणते कोणाचे हे ओळखता येणार नाही.

न जाण्याच्या पक्षाचा एकच आक्षेप आम्ही मान खाली घालून ऐकला. आमच्या वहिनी, म्हणजे मुलीची आई, हलक्या आवाजात म्हणाल्या, “भाऊजी, तिला पोहता कुठे येते?”

या प्रश्नाकडे पुढे येऊच. तत्पूर्वी दुसऱ्या पक्षाचा समाचार घेतला पाहिजे. कारण आमचा खरा राग त्याच्यावर आहे.

आमचा पुतण्या उत्साही. बहिणीला पाठिंबा देण्याच्या भरात तो जिल्ह्याच्या गावी जाऊन एका प्रवासी मंडळाचे पत्रक घेऊन आला. पाच रात्री, सहा दिवस. आणि भाव पाहाल तर आमच्या चाळीस हजारांच्या आत. घरातल्या निम्म्या विरोधकांचा विरोध त्या पत्रकाने वितळला, कारण एवढ्या पैशांत सिगिरियाचा किल्ला, कँडीचे दंतमंदिर, नुवारा एलियाचे चहाचे मळे, तेथले सीतेचे देऊळ, बेंटोटाचा समुद्र आणि कोलंबोचा बाजार असे सारे मिळत होते. थोरले बंधू तर म्हणाले, “असे असेल तर मीही येतो. होऊन जाईल लंका.”

‘होऊन जाईल लंका’! आमच्या मते सारा रोग या तीन शब्दांत आहे.

आम्ही ते पत्रक आणि लंकेचा नकाशा घेऊन एक रात्र बसलो. विमानतळापासून सिगिरिया चार तास. तेथून कँडी तीन. कँडीहून नुवारा एलिया घाटाने तीन. तेथून खाली बेंटोटास सहा. आणि बेंटोटाहून कोलंबोवरून पुन्हा विमानतळ तीन. एकूण कमीत कमी एकोणीस तास मोटारीत. शिवाय चारठाण्याहून परभणी, परभणीहून रात्रीच्या गाडीने मुंबई, विमानतळावरचे ताटकळणे आणि हेच सारे उलट. समुद्राच्या वाट्याला त्या पत्रकात एक दुपार होती. त्या दुपारी ‘जलक्रीडा’ म्हणून जे लिहिले होते त्याचा अर्थ चौकशीअंती असा निघाला की, यंत्राच्या होडीत बसवून एक फेरी. आणि सर्फिंग? होय, तेही आहे. एका तासाचे, वेगळे पैसे भरून. एका तासात काय होते ते सांगतो. फळी वाळूत उभी रोवतात, तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढतात, आणि ते छायाचित्र घरी आल्यावर सर्वांस दाखवितात.

ही सहल स्वस्त आहे असे ज्यांना वाटते त्यांनी भागाकार करून पाहावा. आमच्या पुतणीजवळ पैसे थोडे आहेत हे खरे, परंतु पैशांहूनही थोडे तिच्याजवळ दिवस आहेत. ज्या गोष्टीसाठी ती जाते त्या गोष्टीला या सहा दिवसांतला एक तास मिळत असेल, तर तिच्या लेखी साऱ्या चाळीस हजारांची किंमत त्या एका तासाला पडली. श्रीमंत मनुष्यास चूक परवडते. तो पुढच्या वर्षी पुन्हा जाईल. ज्याचे जाणे जन्मात एकदाच घडण्याचा संभव आहे, त्याने दिवसांच्या बाबतीत कवडीचुंबक असले पाहिजे, आणि आपण नेमके तेथेच उधळे होतो.

काही लोक या धावपळीचे मूळ आपल्या यात्रांत पाहतात. ते आम्हांस मान्य नाही. यात्रेची आपल्याकडील सर्वांत थोर परंपरा म्हणजे पंढरीची वारी. तीत स्थळे मोजीत नाहीत. शेगावची पालखी दरवर्षी परभणी-गंगाखेडवरून जाते, ती पंढरपुरास पोचावयास महिन्याच्या घरात दिवस लावते, आणि इतके चालून वारकरी पाहतो काय? एक गाव, एक नदी, एक मूर्ती. वाटेत कोणता किल्ला राहिला याची त्यास खंत नसते. सहा दिवसांत नऊ स्थळे हा हिशेब वारकऱ्याचा नव्हे. तो मोटारवाल्याचा आणि हॉटेलवाल्याचा आहे, आणि आपण तो आपला म्हणून घरी आणिला आहे. न जाणारा पक्ष आणि सर्व पाहणारा पक्ष यांची समाईक चूक ती हीच. दोघांनाही प्रवास म्हणजे स्थळांची यादी वाटते. एकाला ती यादी अनावश्यक वाटते, दुसऱ्याला ती पुरी करावीशी वाटते. एखादी गोष्ट करावयास म्हणून मनुष्य घराबाहेर पडतो ही कल्पनाच दोघांच्या ध्यानी येत नाही.

मोह आम्हांसही झाला नाही असे नाही. लंकेच्या कोरड्या पट्ट्यात पोलोन्नरुवा येथे पराक्रमबाहू राजाने बाराव्या शतकात एक प्रचंड तलाव बांधविला. त्याला नाव आहे पराक्रम समुद्र. पावसाचे पाणी साठवून कोरड्या मुलखात समुद्र निर्माण करणाऱ्या त्या माणसांचे काम पाहावे ही आमच्या मनातली फार जुनी इच्छा. आमच्याकडे त्याच सुमाराच्या शतकांत बारवा खोदल्या गेल्या. त्यांनी पाणी खोल खाली जपले, यांनी विस्तीर्ण पसरून. नकाशा पुढे घेऊन आम्ही एक दिवस तेथे बसविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. बसत नव्हता. वेलिगामा दक्षिणेच्या टोकास, पोलोन्नरुवा उत्तरेकडे आत; जाऊन येण्यात दोन दिवस मोडतात. शेवटी आम्हीच ते नाव खोडले. ज्याला दुसऱ्याच्या यादीवर काट मारावयाची आहे त्याने आपल्या यादीपासून आरंभ करावा, नाहीतर त्याच्या बोलण्यास वजन राहत नाही.

आता आखणी कशी असावी ते सांगतो. यातले मोठे भांडण दिवसांचे नसून ऋतूचे आहे. आपल्या घरांची सहल म्हणजे मे महिना किंवा दिवाळी. कारण तेव्हा शाळांना सुट्टी असते. परंतु समुद्र आपल्या शाळांची वेळापत्रके पाहत नाही. लंकेच्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पाणी शहाणे असते. मे महिन्यात नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की तोच किनारा खवळतो, आणि खेळणारे लोक उठून पूर्वेकडील अरुगम बे येथे जातात. ते ठिकाण विमानतळापासून फार लांब आणि नवशिक्यांपेक्षा जाणत्यांच्या सोयीचे. म्हणजे मे महिन्यात स्वस्त मिळाले म्हणून वेलिगामाचे तिकीट काढणारा मनुष्य गढूळ, उसळता समुद्र खिडकीतून पाहून परत येईल. दिवाळीच्या सुमारास पावसाचा भरवसा नाही; नाताळात गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले. राहिला जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी. त्यासाठी महाविद्यालयातून चार दिवस रजा काढावी लागते. परीक्षेच्या आधी रजा! या एका शब्दावर आमच्या घरात जितका गहजब झाला तितका खर्चावरही झाला नाही. आजारपण, लग्न आणि मयत यांखेरीज चौथ्या कारणाने वर्ग बुडविता येतो, हे आपल्या वडील मंडळींस मुळी ठाऊकच नाही.

वेलिगामाच का, असेही विचारले गेले. त्याचे उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. दक्षिणेकडच्या महासागरात हजारो किलोमीटरांवर वादळे होतात, आणि त्यांनी उठविलेल्या लाटा पाण्यातून प्रवास करीत या बेटापर्यंत येतात. उथळ पाण्यात येताच लाटेचा पाय तळाशी अडखळतो, डोके पुढे धावते, आणि ती फुटते. तळ खडकाचा किंवा पोवळ्यांचा असला तर लाट एकदम उभी राहून कोसळते, आणि पडणारा खडकावर पडतो. वेलिगामाच्या उपसागराचा तळ वाळूचा आणि हळूहळू उतरता, म्हणून तेथील लाट सौम्यपणे मोडते आणि पडणारा वाळूवर पडतो. नावही तेच सांगते. सिंहली भाषेत ‘वेली’ म्हणजे वाळू आणि ‘गम’ म्हणजे गाव. नवशिक्याने पहिले दोन दिवस फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसातच राहावयाचे असते. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी जाते. दुसऱ्या दिवशी खांदे उचलत नाहीत. तिसऱ्या दिवशी, नशीब असल्यास, दोन-चार श्वासांइतके उभे राहता येते. म्हणूनच चार रात्री. तीन केल्या तर ज्या दिवशी उभे राहावयाचे त्याच दिवशी सामान बांधावे लागते.

सकाळी वारा पडलेला असताना दोन तास पाण्यात, दुपारी सावली, संध्याकाळी पुन्हा तासभर. एखाद्या दुपारी अंग फारच मोडून आले तर आगगाडीने गालला जावे. तास-अर्ध्या तासाचा प्रवास, समुद्राला लागून, आणि तिकीट नाममात्र. तेथील कोट पोर्तुगीजांनी घातला, डचांनी वाढविला, आणि 1988 पासून तो जागतिक वारशात आहे. तेवढे एक स्थळ आमच्या यादीत राहिले आहे, आणि तेही खांदे दुखल्यासच.

राहण्यास कोणाच्या तरी घरची खोली घ्यावी, हॉटेल नको. जेवणाविषयी शाकाहारी मंडळींस एक सूचना: भात, नारळाच्या दुधातली ‘परिप्पू’ म्हणजे आमटी, आणि आप्पे मनसोक्त खावे, परंतु नारळाची ‘पोल संबोल’ नावाची चटणी पुढे आली असता आधी विचारावे, तीत पुष्कळदा सुक्या मासळीची पूड असते. आमच्या वहिनींनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर देण्याचे ठरविले आहे, त्यावरून त्यांचा विरोध मावळत चालला असावा असे आम्ही समजतो.

स्वस्ताईविषयी एक गोष्ट मनास टोचते ती लिहून टाकतो. आज एका भारतीय रुपयास लंकेचे साधारण साडेतीन रुपये मिळतात, आणि आपण हरखून जातो. 2022 साली त्या देशाची तिजोरी रिकामी झाली, इंधनासाठी लोक दिवसचे दिवस रांगेत उभे राहिले, आणि त्यांच्या रुपयाची किंमत काही महिन्यांत जवळजवळ अर्ध्यावर आली. आपली काटकसर त्यांच्या त्या आपत्तीवर उभी आहे. तेव्हा फळी देणाऱ्या कोळ्याच्या पोराशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करून त्या बहादुरीची कथा ओसरीवर सांगणाऱ्यांनी आमच्या सोबत येऊ नये. काटकसर करावयाची ती आपल्या हौसांत करावी.

एवढे सर्व सांगून झाल्यावर कोणी विचारील की, खेळच शिकावयाचा तर कर्नाटकात मंगळूरजवळच्या मुल्कीस किंवा चेन्नईजवळच्या कोवळमला का जाऊ नये? तेथेही हा खेळ शिकवितात. मुल्कीस तर 2004 पासून. परदेश नाही, पारपत्र नाही. प्रश्न रास्त आहे, आणि ज्याच्याजवळ याहून कमी पैसे असतील त्याने खुशाल तेथे जावे. आमचा सारा युक्तिवाद तेथेही तसाच लागू पडतो. आमच्या घरापुरते कारण वेगळे आहे. आमच्या घराण्यात आजवर कोणाचे पारपत्र निघालेले नाही. पुतणीने अर्ज केला, चौकशीचे सोपस्कार झाले, आणि गेल्या महिन्यात टपालाने ते आले. घरातले पहिले पारपत्र मुलीच्या नावाचे निघाले. थोरल्या बंधूंनी ते हातात घेऊन पाने चाळली आणि काही न बोलता देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेविले. ते तेथून उचलून मुल्कीचे तिकीट काढा, असे सांगण्याचा धीर आम्हांस नाही.

आता वहिनींचा प्रश्न. 26 डिसेंबर 2004 रोजी सकाळी याच किनाऱ्यावर समुद्र आत आला. हिक्कडुवाजवळ पेरलिया येथे आगगाडीच आगगाडी पाण्याने उचलून फेकली आणि हजाराहून अधिक माणसे त्या एका जागी मेली; साऱ्या लंकेत तीस हजारांहून अधिक. असा प्रलय रोज येत नाही, आणि त्याच्या भयाने घरी बसणे आम्ही मान्य करणार नाही. परंतु रोजचे भय लहान असते आणि ते अधिक माणसे नेते. किनाऱ्यावर आदळलेले पाणी परत समुद्रात जाताना कोठे तरी एक अरुंद वाट करून जोराने बाहेर पडते. वरून पाहता तेथे लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा शांत दिसते आणि नवखा मनुष्य नेमका तेथे उतरतो. तो ओढला गेला की किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारतो, थकतो, आणि बुडतो. उपाय साधा आहे: ओढीशी भांडू नये, किनाऱ्याला समांतर आडवे पोहत तिच्या बाहेर यावे, मग किनाऱ्याकडे वळावे, ते न साधल्यास अंग टाकून तरंगत राहावे आणि हात वर करून मदत मागावी. फळी घोट्यास दोरीने बांधलेली असते, तिला धरून राहावे. हे सारे सांगावयास सोपे. पण ज्याला पोहता येत नाही त्याला ते सांगून उपयोग काय?

आणि आपल्या मुलींना पोहता येत नाही. मराठवाड्यातले मुलगे पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पडतात आणि आठ दिवसांत शिकतात; आमच्या पिढीत असे न शिकलेला मुलगा विरळा. त्याच विहिरीवर त्यांच्या बहिणी पाणी शेंदीत उभ्या असत. पाय घसरून आत पडलेल्या मुलीसाठी गावाने हळहळावे, पण तिला पोहणे शिकवावे हे कोणास सुचू नये, याला आम्ही मर्यादा म्हणत आलो. वहिनींच्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘मग जाऊ नये’ असे नव्हे. ‘मग आजवर शिकविले का नाही’ असा तो प्रश्न आमच्या अंगावर उलटतो, आणि त्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून आम्ही चाळीस हजारांच्या खर्चात एका ओळीची भर घातली: जाण्यापूर्वी पोहता आले पाहिजे, न आल्यास तिकिटाचे पैसे बुडाले तरी जाणे रद्द.

ऑक्टोबरात विहिरी तुडुंब होत्या. प्रत्येक रविवारी पहाटे, गाव जागे होण्याआधी, आमच्या शेतातल्या विहिरीवर पुतणी आणि तिची वहिनी दोघी उतरू लागल्या. पुतण्या पाण्यात, आम्ही काठावर, आणि आत्या वाटेवर पहाऱ्यास, कोणी येऊ नये म्हणून. ज्यांनी तीन दिवस ओल्या कपड्यांचा प्रश्न विचारला त्यांनीच पहारा पत्करला हे येथे मुद्दाम नमूद करतो. तिसऱ्या रविवारी गावाला कळायचे ते कळले. चार-सहा दिवस चर्चा झाली. पाचव्या रविवारी शेजारच्या घरातल्या दोघी बहिणी येऊन काठावर नुसत्या बसून राहिल्या, आणि आत्यांनी त्यांना हाकलले नाही.

हे लिहीत असताना डिसेंबर अर्धा सरला आहे. पाणी आता थंड असते आणि दोन पायऱ्या खाली गेले आहे. पुतणी या काठापासून त्या काठापर्यंत न थांबता वीस फेऱ्या मारते. तिची वहिनी बारा. डबा पाठीवरून सुटला त्यास महिना झाला. तो विहिरीच्या धक्क्यावर उन्हात पडून होता. गेल्या रविवारी शेजारची धाकटी तो मागून घेऊन गेली.